मतदानाचा दिवस आणि खाडा

मतदानाच्या दिवशी कामाला सुट्टी असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती कोणत्या कायद्याने मिळते आणि कुणाकुणापर्यंत पोचते, याची चौकशी मात्र फारसं कुणी करत नाही. मी ठाणे पूर्वेला, कोपरीत राहते. इथे बँकेत किंवा सरकारी कचेरीत नोकरी करणारे राहतात, वागळे इस्टेटमधल्या छोट्या कारखान्यांत हजेरीवर काम करणारे राहतात, आणि इमारतींच्या फाटकांवर बारा-बारा तासांची ड्यूटी करणारे वॉचमनही इथलेच मतदार असतात. मोजणीच्या वेळी या तिघांच्या मतांचं वजन सारखं भरतं. ते मत देण्यासाठी पडणारा खर्च मात्र सारखा नसतो. पहिल्याचा पगार ठरलेला, त्याला काही गमवावं लागत नाही. दुसऱ्याचा खाडा पडू शकतो. तिसऱ्याला बदली माणूस आल्याशिवाय जागा सोडता येत नाही. इथल्या निवडणुका पाहून माझं मत पक्कं झालं आहे: भरपगारी सुट्टी हा मताच्या समानतेचाच एक भाग आहे, आणि एक दिवस बुडाला की ज्याच्या घरात पैसे कमी येतात त्याच्यापर्यंत ती पोचली, तरच तिला अर्थ आहे.

कायद्याने हे ओळखलेलं आहे. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९९६मध्ये १३५ ब हे कलम घालण्यात आलं. धंदा, व्यापार, कारखाना किंवा इतर कोणत्याही आस्थापनेत काम करणाऱ्या आणि लोकसभा किंवा विधानसभेसाठी मतदानाचा हक्क असलेल्या प्रत्येकाला मतदानाच्या दिवशी सुट्टी द्यायची आणि त्यासाठी पगार कापायचा नाही, असं ते सांगतं. ज्याला एरवी सुट्टीच्या दिवसाचा पगार मिळत नाही, त्यालाही त्या दिवसाची मजुरी द्यावी, हेही त्यात आहे. म्हणजे रोजंदारीवरचा माणूस नजरेआड झालेला नाही. मतदार यादीत नाव एका मतदारसंघात आणि नोकरी दुसऱ्या मतदारसंघात असली, तरी हा हक्क लागू होतो, असं निवडणूक आयोगाने वेळोवेळी स्पष्ट केलं आहे. ठाण्यात याला फार महत्त्व आहे. २०२४च्या लोकसभेला ठाणे आणि कल्याणमध्ये २० मे रोजी मतदान झालं, पण रायगड, सातारा, रत्नागिरी-सिंधुदुर्गमध्ये ते ७ मे रोजीच झालं होतं. ज्याचं नाव अजून गावच्या यादीत आहे, त्याला सुट्टी ७ मेला हवी होती, आणि त्या दिवशी इथले कारखाने, दुकानं, कार्यालयं नेहमीसारखी चालू होती. अशा वेळी माणसाने कायद्यावर बोट ठेवून सुट्टी मागायची, की मुकादमाची मर्जी सांभाळून गप्प राहायचं?

कायदा चांगला असूनही तो तीन ठिकाणी गळतो. पहिली जागा दंडाची. सुट्टी न देणाऱ्या मालकाला जास्तीत जास्त ५०० रुपये दंड होऊ शकतो. १९९६ साली ही रक्कम कदाचित बोचत असेल. आज एका कामगाराच्या दिवसाच्या कामातून सुटणारी कमाईच याहून जास्त असू शकते, त्यामुळे कायदा मोडणंच स्वस्त पडतं. दुसरी जागा अपवादाची. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशा कामगाराला हे कलम लागू नाही. डोंबिवली एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यात चालू प्रक्रिया सोडून सगळ्यांनी एकदम निघून जाणं खरोखरच घातक आहे, हे मला मान्य आहे. पण धोका कुठे आणि नुकसान किती, हे प्रत्यक्षात मालकच ठरवतो. तिसरी जागा घराच्या उंबऱ्याशी आहे. घर म्हणजे आस्थापना नव्हे, म्हणून चार घरची धुणीभांडी करणारी बाई या कलमात नीट बसत नाही. घरपोच सामान पोचवणारा मुलगा कागदोपत्री कुणाचा नोकरच नसतो. महापालिका निवडणुकीचा तर या कलमात उल्लेखच नाही, तिथली सुट्टी शासनाला वेगळी जाहीर करावी लागते. ठाणे महापालिकेची निवडणूक फेब्रुवारी २०१७नंतर थेट १५ जानेवारी २०२६ला झाली, कल्याण-डोंबिवलीची तर २०१५नंतर. इतक्या वर्षांनी आलेलं मत सुट्टीअभावी हुकलं, तर त्याची भरपाई होत नाही.

यावर सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप असा की, सुट्टी दिली की लोक मतदान सोडून फिरायला जातात. त्याला आधार दाखवता येतो. कल्याण लोकसभा मतदारसंघात २०१९ला साधारण ४५ टक्के आणि २०२४ला साधारण ५० टक्के मतदान झालं, आणि दोन्ही वेळा मतदान सोमवारी, शनिवार-रविवारला जोडून होतं. पण यावरचा उपाय तारखेत आहे. २०२४ची विधानसभा निवडणूक २० नोव्हेंबरला, बुधवारी ठेवण्यात आली, आणि शहरी मतदारांची उदासीनता लक्षात घेऊनच आठवड्याच्या मधला वार निवडल्याचं आयोगाने सांगितलं. राज्यातलं मतदान २०१९च्या सुमारे ६१ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर गेलं. हे सगळं श्रेय वाराला देता येणार नाही, प्रचाराची चुरसही होती. तरी एवढं नक्की की, जोडून सुट्टी घेऊन बाहेर जाणं ज्याला परवडतं त्याच्या वागण्याची शिक्षा रोजंदारीवरच्या माणसाला देण्यात न्याय नाही. बोटाची शाई दाखवा तरच पगार, ही अटही कायद्यात कुठे नाही. मत न देण्याच्या निर्णयालाही संरक्षण आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३च्या ‘नोटा’ निकालात म्हटलं आहे. सुट्टीचा संबंध संधीशी आहे, हजेरीशी नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत मतदान चालतं, मग कामाआधी किंवा कामानंतर मत द्यायला काय हरकत? सात ते सात ड्यूटी करणाऱ्या वॉचमनसाठी या अकरा तासांतला एकही तास मोकळा नाही. दक्षिण मुंबईत नोकरी करणारा माणूस लोकलचा वेळ धरून सकाळी लवकर निघतो आणि मतदान संपल्यावर परततो. त्यात २० मे २०२४ला मुंबई-ठाण्यात मतदान संथ चालल्याच्या आणि उन्हात रांगेत ताटकळावं लागल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. कॅनडात संघीय निवडणुकीसाठी मतदाराला सलग तीन तास मोकळे मिळतील याची जबाबदारी मालकावर आहे, ऑस्ट्रेलियात मतदानच शनिवारी होतं. वेगवेगळ्या वाटांनी ते एकच गोष्ट मान्य करतात: वेळ काढून देण्याचा भार एकट्या मतदाराने उचलू नये.

तिसरा आक्षेप छोट्या मालकाचा आहे आणि तो मला खरा वाटतो. पाच माणसांच्या वर्कशॉपला एक दिवस बंद ठेवणं जड जातं. पण लोकसभा, विधानसभा आणि महापालिका धरली तरी पाच वर्षांत असे तीनच दिवस येतात. जिथे काम थांबवणं अशक्य आहे तिथे पूर्ण दिवसाऐवजी काही तासांची भरपगारी सवलत देण्याची सोय राज्य शासनाच्या परिपत्रकांत असतेच. ती मात्र तोंडी राहू नये. कुणाला कोणत्या वेळी सोडणार, हे मालकाने आधी लिहून फलकावर लावावं. कंत्राटी कामगारांबाबत कंत्राटदार आणि मूळ कंपनी दोघांनाही जबाबदार धरावं. दंड प्रत्येक कामगारामागे आकारावा आणि तो किमान काही दिवसांच्या मजुरीएवढा असावा. महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदांसाठी असंच कलम राज्याच्या कायद्यांत यावं. आणि घरकामाच्या बाबतीत कायद्याची वाट पाहण्याचं कारण नाही. कोपरीतल्या कोणत्याही सोसायटीने ठराव करून आपल्या वॉचमनसाठी बदली माणूस नेमावा आणि प्रत्येक घराने कामाच्या बाईला त्या दिवशी पैसे न कापता सुट्टी द्यावी. आपण ज्यांच्या कष्टांवर घर चालवतो त्यांना मताला जाऊ देणं आपल्या हातात आहे, आणि ते पुढच्याच निवडणुकीपासून सुरू करता येईल.