अम्मी, मांजर आणि सहा एंजल

आम्ही कोकणी. आमच्या घरात मासा आला की तो हांडीत जातो. म्हणून मी कुर्ल्याहून प्लास्टिकच्या पिशवीत सहा जिवंत मासे घेऊन मुंब्र्याच्या घरात शिरलो तेव्हा अम्मीने पिशवी उजेडात धरली आणि विचारलं, "ही पापलेटाची पिल्लं कोण खाणार?"

एंजल फिश खरंच पापलेटासारखा चपटा असतो. अंगावर काळे उभे पट्टे, वर-खाली लांब पंख. मूळचा अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. मुलीने हट्ट धरला होता, आणि दुकानदार म्हणाला होता, "शांत मासा आहे, घेऊन जा." अर्धी गोष्ट त्याने सांगितलीच नाही. आपल्या बाजारात चिलापी मिळते ना, तिच्याच कुळातला हा मासा. जोडी जमेपर्यंत शांत, जोडी जमली की जागेचा मालक.

पहिले सात-आठ महिने घरात आनंद होता. रुपयाएवढे मासे तळहाताएवढे झाले. आमची टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि पंधरा इंच उंच. पूर्ण वाढलेला एंजल पंखांसकट आठ-दहा इंच उंच होतो, हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. मुलीने टाकीत निऑन टेट्राही सोडायला लावले होते. ते एकेक करून गायब झाले. एंजल मोठा झाला की तोंडात मावणारा मासा त्याच्यासाठी खाणंच असतं.

मग एका सकाळी दोघे जण फिल्टरची नळी तोंडाने घासून साफ करताना दिसले. दुसऱ्या दिवशी नळीवर खसखशीएवढ्या अंड्यांच्या रांगा. मादी आणि नर आळीपाळीने पंखांनी पाणी हलवत उभे. आम्ही सगळे टाकीपुढे बसलो. आम्हाला ती माया दिसत होती. तिची दुसरी बाजू टाकीच्या दुसऱ्या टोकाला होती: उरलेले चौघे पाण्याच्या पृष्ठभागालगत, कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून.

ते अम्मीने पाहिलं. ती फजर पढून टाकीजवळ खुर्ची टाकून तसबीह घेऊन बसते. म्हणाली, "एक जेवायला येत नाही." तो हीटरच्या मागे होता. पंख अंगाला आवळलेले, शेपटी फाटलेली. मी खाणं वाढवलं, म्हणजे त्याच्याही वाट्याला काही येईल. ते दांडग्यांनीच खाल्लं, उरलेलं तळाशी कुजलं आणि पाणी गढूळ झालं. पाचव्या दिवशी तो गेला. मुलीला मी सांगितलं की आजारी होता.

अम्मीला असं काही सांगता येत नाही. तिने मला ती मांजरीची हदीस ऐकवली. आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेली असते. एका बाईने मांजर कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही आणि स्वतःचं शोधून खायला सोडलंही नाही. त्यासाठी तिला अजाब झाला. मी वाद घातला. म्हटलं, अबू उमैर नावाच्या मुलाकडे लहानसा पक्षी होता. प्रेषित (स.) त्याला त्या पक्ष्याची प्रेमाने चौकशी करत. त्यावरूनच उलमांनी पक्षी पाळायला परवानगी आहे असं म्हटलंय, त्याला दाणापाणी मिळत असेल आणि त्रास होत नसेल तर.

अम्मी म्हणाली, "त्या पोराच्या पक्ष्याला दुसरा पक्षी मारत नव्हता."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नदीतही हे मासे भांडतातच. पण तिथे हरलेला पोहत निघून जातो आणि भांडण संपतं. काचेत तो जाणार कुठे? जिंकणाऱ्याला मात्र वाटतं, हा अजून इथेच आहे, म्हणजे याला अजून मारायला हवं. मासा दुष्ट नव्हता. टाकी माझी होती.

तीन फुटी, अठरा इंच उंच टाकी जुन्या बाजारात मिळाली. भरल्यावर त्यातलं पाणीच एकशे ऐंशी किलो! आमच्या घरात एवढं वजन पेलणारी एकच जागा होती, भिंतीलगतची, अम्मीच्या शिलाई मशीनची. मी विषय काढलाही नव्हता. तीच म्हणाली, "मशीन खाटेखाली सरकव, तशीही डोळ्यांना आता सुईत दोरा दिसत नाही."

जोडी जुन्या टाकीत एकटी ठेवली. नव्या टाकीत जुन्या फिल्टरचाच स्पंज घातला, नाहीतर कोऱ्या पाण्यात अमोनिया साठून मासे मरतात. उरले तीन. पण तीन हा एंजलसाठी वाईट आकडा. दोघे एक होतात आणि तिसरा रोजचा मार खातो. सहा असले तर मार वाटला जातो. अजून तीन जीव कोंडायला आणायचे का, यावर घरात दोन आठवडे चर्चा झाली. शेवटी आणले, जुन्यांच्याच मापाचे. ते सोडायच्या आधी लाकडाचा ओंडका, दगड, रुंद पानांची झाडं, सगळ्याच्या जागा बदलल्या, म्हणजे जुन्यांनाही घर नवं वाटावं. त्या रात्री दिवा लावला नाही.

धक्काबुक्की अजून होते. पण पळणारा पानांमागे जातो, पाठलाग करणाऱ्याला तो दिसेनासा होतो आणि तो परत फिरतो. जुन्या टाकीतल्या जोडीने पुन्हा अंडी घातली आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच खाऊन टाकली. नवशिक्या जोड्या असं करतात. मुलगी त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मी कामावर निघताना अम्मी टाकीपुढेच असते. परवा तसबीह बाजूला ठेवून बोटाने काचेवर मोजत होती. "सहा आले जेवायला," म्हणाली, "ते दोघे अजून निजलेत."