मिसेस चेसचे कुळ

मुंबईत परिचर्येचे शिक्षण घेत असताना आमच्या प्रात्यक्षिकाच्या दालनात लोखंडी खाटेवर जी बाहुली निजलेली असे तिला आम्ही ‘मावशी’ म्हणत असू. तिला स्पंजिंग करावे, तिच्याखाली ड्रॉशीट सरकवावी, नाकातून राईल्स ट्यूब घालावी, आणि चादरीचे कोपरे ट्यूटरबाईंच्या पसंतीस न उतरल्यास तिला पुन्हा कुशीवर वळवून सारा सरंजाम पहिल्यापासून मांडावा, असा आमच्या सकाळचा शिरस्ता होता. या मावशीचे कुळ अमेरिकेतले, हे मला पुष्कळ वर्षांनी, तिकडे अध्यापनास गेल्यावर कळले. हार्टफर्डच्या रुग्णालयातील परिचर्या विद्यालयाने ऱ्होड आयलंडच्या मार्था चेस या बाहुल्या करणाऱ्या बाईंकडून माणसाएवढी बाहुली करवून घेतली, ती १९११ साली. तीच पुढे ‘मिसेस चेस’ या नावाने ख्याती पावली. कृत्रिम श्वासोच्छ्वास शिकवण्यासाठी १९६० साली ‘रेससी अ‍ॅन’ घडवणारे नॉर्वेचे आस्मुंड लेर्दाल हेही मूळचे खेळणी करणारेच. सीन नदीत बुडालेली म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका अनामिक तरुणीच्या मुखवट्यावरून त्यांनी तिचा चेहरा घेतला. इतक्या गंभीर विद्येचा पाया खेळणीवाल्यांनी घालावा, यात मला तरी काही वावगे दिसत नाही.

मावशीपाशी झालेली आमची तालीम मात्र केवळ हातांची होती. निर्णयाचा अखत्यार डॉक्टरांचा. आमच्या वाट्याला हुकमाची तामिली आणि तिची नोंद. १९६५ साली कोलोराडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड ही परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम काढला, तेव्हा या वाटणीलाच हात घातला गेला; परिचारिकेने रुग्ण तपासावा, निदान करावे आणि यथावकाश औषधही लिहून द्यावे, हा क्रम त्यातून रूढ होत गेला. अशा विद्यार्थिनींना मी जिथे शिकवले तिथल्या मॅनिकिनला नाडी होती, छातीत घरघर होती, डोळ्यांतल्या बाहुल्या प्रकाशाने आकुंचन पावत, आणि काचेआडून मी बोलले की ती कण्हतही असे. (तिच्या खर्चाच्या मंजुरीसाठी मी जेवढे कागद रंगवले तेवढे प्रबंधासाठीही रंगवले नसतील.) परंतु खरे रुग्ण जसे अर्धवट सांगतात तसे सांगणे काही तिला साधेना.

त्यासाठी वेतन देऊन माणसेच रुग्ण म्हणून बसवावी लागतात. आमच्याकडे साठीचे एक गृहस्थ कोरड्या खोकल्याची तक्रार घेऊन येत. विद्यार्थिनीने संगणकाच्या पडद्यावरून नजर न काढता “काही औषधे चालू आहेत का?” असे विचारले की त्यांनी “विशेष काही नाही” म्हणावे, असे मीच त्यांना पढवलेले. रक्तदाबासाठी ते रोज सकाळी लिसिनोप्रिलची गोळी घेतात आणि खोकला त्या गोळीचाच आहे. पण वर्षानुवर्षे कॉफीबरोबर घेतलेल्या गोळीला औषध म्हणायचे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नाही. बहुतेक जणी खोकल्याचे औषध लिहून मोकळ्या होत. पुढे खुर्च्या वर्तुळात मांडून जी चर्चा चाले, जिला आम्ही डीब्रीफिंग म्हणतो आणि जिच्यावाचून बाकीचा सारा खटाटोप व्यर्थ आहे, तिच्यात मी निदानाचा विषयच काढत नसे. चित्रफीत एका जागी थांबवून एवढेच विचारी की, ‘नाही’ म्हणताना त्यांचा हात कोटाच्या खिशाकडे का गेला?

परवान्यापूर्वीच्या परिचर्या-शिक्षणात प्रत्यक्ष रुग्णसेवेचे निम्म्यापर्यंत तास उत्तम सिम्युलेशनने, म्हणजे अशा बाहुल्या आणि पढवलेले रुग्ण यांच्यावरील सरावाने, भरून काढले तरी विद्यार्थी मागे पडत नाहीत, असे २०१४ साली एका मोठ्या राष्ट्रीय अभ्यासात आढळले आणि आमच्या मंडळींत आनंदीआनंद झाला. नर्स प्रॅक्टिशनरच्या बाबतीत मात्र २०२२ च्या राष्ट्रीय निकषांनी प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान ७५० तास ठरवून दिले, आणि त्यांत सिम्युलेशनचा तास धरण्याची सोय ठेवली नाही. काही सहकाऱ्यांना हा आपल्या विद्येचा उपमर्द वाटला. मला तसे वाटत नाही. पढवलेल्या रुग्णाच्या खिशात काय आहे हे निदान मला तरी ठाऊक असते, आणि दवाखान्यात ती सवलत कोणालाच नसते. माझी उभी हयात त्या बाहुल्यांच्या सहवासात गेली असली, तरी हा नियम मला योग्यच वाटतो.