गाडी नसलेल्या घरातलं वेड

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या मुरारजी पेठेतल्या आमच्या घरात सख्खी-चुलत मिळून ढीगभर पोरं होती. सगळ्यांना गाड्यांचं वेड होतं आणि दारात गाडी मात्र एकही नव्हती. वडील आणि अण्णाकाका दोघेही लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये. घरातल्या दोन सायकलींवर आमचा हक्क फक्त रविवारी. तरी आमचा कारखाना बारा महिने चालू असे. मिलमधून बाद झालेल्या लाकडी बॉबिनची चाकं, खराट्याच्या काडीचा आस आणि काडेपेटीची बॉडी. जरा मोठं झाल्यावर गॅरेजातून मागून आणलेली झिजकी बेअरिंगं फळीला ठोकून गाडा केला. त्याचा खडखडाट सुरू झाला की दुपारी आडवी झालेली आज्जी काठी घेऊन बाहेर यायची.

संध्याकाळी पुणे-हैदराबाद रस्त्याकडे पाठ करून बसायचं आणि आवाजावरून गाडी ओळखायची, हा आमचा खेळ. पैज शेंगदाण्यांची. एसटी आणि टाटाचा ट्रक कुणीही सांगे. खरी परीक्षा अँबेसडर आणि फियाटची. आमच्यातली अक्का त्यात सहसा हरत नसे. फियाट गिअर बदलताना कशी किंचित कण्हते, ते ती तोंडाने करून दाखवायची.

गल्लीतली एकमेव गाडी डॉक्टरांची, जुनी डुक्कर फियाट. थंडीत सकाळी तिची बॅटरी बसलेली असायची आणि डॉक्टर आम्हाला हाक मारायचे. आम्ही मागून ढकलायचो. गाडीने वेग धरला की डॉक्टर सेकंडमध्ये टाकून क्लच सोडायचे, गाडी एक हिसका द्यायची आणि आमच्या तोंडावर धूर सोडून निघून जायची. त्या धुराचा वास आम्हाला आवडायचा, हे आईला कधीच पटलं नाही.

अण्णाकाकांना त्या फियाटचा वेगळाच अभिमान. ‘आपल्या गावच्या माणसाची गाडी हाय ती,’ म्हणायचे. त्यात तथ्य होतं. 1882 साली सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. मोटारीचा कारखाना काढायला इंग्रज सरकारने आधी दाद दिली नव्हती, तरी त्यांनी पिच्छा सोडला नाही. 1947 पासून कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे फियाटशी करार झाला आणि त्याच घराण्यातून पद्मिनी आली: 1089 सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली. तेव्हा पैसे भरूनही गाडीसाठी वर्षानुवर्षं थांबावं लागे. आम्हाला ती चिंता नव्हती, कारण भरायला पैसेच नव्हते.

आमची खरी शाळा विजापूर वेशीतलं गॅरेज. तिथले मिस्त्री, आमचे चाचा, फुकट बघू देत नसत. ‘काय करलालास बे नुसता उभारून? चौदा-पंधराचा पाना दे की!’ पाना देता देता टॅपेट, पॉइंट, कार्ब्युरेटर सगळं कळत गेलं. चाचा प्लग काढून आमच्या तळहातावर ठेवायचे. टोक काजळीने काळं असलं तर पेट्रोल जास्त जातंय, पांढरं पडलं असेल तर कमी, आणि फिकट तपकिरी असलं तर इंजिन खुशीत आहे. ही परीक्षा शाळेच्या कुठल्याही पेपरपेक्षा जास्त लक्षात राहिली.

शर्यतीचं वेड मात्र गड्ड्याने लावलं. गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची यात्रा. अक्षता सोहळा झाला की मोठी माणसं देवळाकडे आणि आम्ही होम मैदानावरच्या ‘मौत का कुआँ’कडे. फळ्यांच्या उभ्या भिंतीवर सायलेन्सर काढलेली येझदी गरगर फिरायची, आणि कठड्याला धरलेल्या आमच्या हातांना फळ्यांची थरथर लागायची. येझदी खाली कशी पडत नाही, हे चाचांनी एका वाक्यात सांगितलं: ‘वेग हाय तोवर भिंत धरती, वेग गेला की सोडती.’ पुढे शाळेत अभिकेंद्री बल आणि घर्षण शिकवलं, तेव्हा आमच्या दादाला नवीन काहीच वाटलं नाही.

1972 मध्ये फिरोज खानचा ‘अपराध’ आला. त्यातली जर्मनीत चित्रित केलेली शर्यत बघितली आणि गड्ड्यापलीकडेही हे जग आहे हे कळलं. मग मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर फियाट पळवतात, हे अण्णाकाकांनी वर्तमानपत्रातून वाचून दाखवलं. डॉक्टरांची ती म्हातारी फियाट शर्यतीत पळू शकते, या कल्पनेनेच आम्ही हरखलो. नव्वदीत केबल आली आणि पोटापाण्यासाठी पांगलेली आम्ही भावंडं रविवारी फॉर्म्युला वनसाठी एका घरात जमू लागलो. 2005 मध्ये नारायण कार्तिकेयन इंडियानापोलिसला चौथा आला. टायरच्या वादामुळे सहाच गाड्या धावल्या होत्या, हे ठाऊक असूनही आम्ही पेढे वाटले. 30 ऑक्टोबर 2011 ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर शर्यत झाली, तेव्हा अक्का नातवाला शेजारी बसवून टीव्हीचा आवाज वाढवत होती. ती शर्यत तीन वर्षांत बंद पडली, याचा राग तिला अजून आहे.

आता आमच्यातल्या प्रत्येकाच्या दारात गाडी आहे आणि घरातल्या एकाही मुलाने बॉनेट उघडलेलं नाही. दोष मुलांचा नाही; आपण किल्ली सर्व्हिस सेंटरवाल्याच्या हातात देऊन एसीत बसतो, तेही तेच शिकतात. गाडीचं वेड गाडी घेऊन देण्याने लागत नाही. ते जवळ उभं राहून, ऐकून आणि हात काळे करून लागतं. म्हणून पेट्रोलची गाडी असेल, तर पुढच्या वेळी पोरांना घेऊन एखाद्या ओळखीच्या मिस्त्रीकडे जा. प्लग काढून त्यांच्या तळहातावर ठेवायला सांगा आणि रंग कोणता, ते त्यांनाच विचारा.