दोन कानांची वाटी

एडिंबरोला लेकीच्या लग्नाला निघताना आम्हाला काळजी होती ती आईंची. व्याह्यांनी आधीच कळवलं होतं, की जेवणाआधी सगळ्यांनी एकाच ‘क्वेख’मधून घोट घ्यायचा.

क्वेख म्हणजे दोन कानांची पसरट वाटी. गेलिक भाषेत ‘कुआख’ म्हणजे पेला. पूर्वी ती लाकडाची असे, पुढे चांदीची आली. तिच्या मुठींना स्कॉट मंडळी ‘लग’, म्हणजे कानच, म्हणतात. आपणही कपाचा कान म्हणतोच की! ती दोन्ही हातांनी द्यायची, दोन्ही हातांनी घ्यायची. हात असे गुंतले की शस्त्र कोण काढणार, असं व्याही म्हणाले. आम्ही हसलो, ते हसले नाहीत. १६९२च्या फेब्रुवारीत ग्लेन्कोच्या खोऱ्यात सैनिकांनी मॅक्डोनल्डांचा जवळजवळ पंधरवडा पाहुणचार घेतला आणि एका पहाटे यजमानांनाच कापून काढलं. ते इथे अजून कुणी विसरलेलं नाही.

आईंना व्हिस्की नको, आणि उष्टं तर मुळीच नको! विहीणबाईंनी काही न बोलता क्वेखमध्ये सफरचंदाचा रस ओतला आणि पहिला मान आईंना दिला. आईंनी ती दोन्ही हातांनी घेतली, क्षणभर थांबल्या, मग लेकीकडे देऊन उजवा तळहात पुढे केला. तीर्थासारखा रस घेतला, प्यायल्या.

क्वेख फिरत विहीणबाईंकडे आली. त्यांनीही तोंडाला न लावता तळहात पुढे केला!