सहा मिनिटांचं वेळापत्रक

२ ऑगस्ट २०२७, सोमवार. आषाढ अमावस्या, म्हणजे दिव्याची अवस. त्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास इजिप्तमध्ये लक्झरच्या आसपास सूर्य सहा मिनिटांहून जास्त वेळ पूर्ण झाकलेला असेल. जास्तीत जास्त ६ मिनिटं २३ सेकंद. यापेक्षा लांब खग्रास थेट २११४ मध्ये, तेव्हा मी ११६ वर्षांची असेन.

ते आम्ही २२ जण नाईलवरच्या बोटीतून बघणार आहोत. 'बघणार' या शब्दावरून गेले चार महिने भांडणं चालू आहेत.

बावीसांचा हिशोब असा. आम्ही नऊ जण इंजिनिअरिंगला असल्यापासून एकत्र आकाशदर्शनाला जाणारे. २०१९ च्या डिसेंबरमधलं कंकणाकृती ग्रहण आम्ही केरळात जाऊन पाहिलं होतं. अकरा जणी माझ्या आत्याच्या विष्णुसहस्रनामाच्या ग्रुपमधल्या, सगळ्या साठीच्या पुढच्या, निम्म्या मधुमेही. आणि काका-काकू. बोट पूर्ण आपली हवी असेल तर माणसं भरावी लागतात, आमचे नऊ पुरेनात, आणि आत्या म्हणाली, "माझ्या बायका आणते." ग्रहणकाळातला जप अनेक पटींनी फळतो अशी तिची श्रद्धा आहे, आणि खग्रास ग्रहणात जप करायची संधी तिला आयुष्यात एकदाही मिळालेली नाही. २०३४ च्या मार्चमध्ये काश्मीर-लडाखवरून एक खग्रास जाणार आहे, पण तोवर गुडघे साथ देतील याची तिला खात्री नाही.

ग्रहणासाठी बोटीने जायचं ही कल्पना आमची नाही. १९७२ साली न्यूयॉर्कहून 'ऑलिंपिया' नावाची बोट खास खग्रास बघायला निघाली होती. पुढच्या वर्षी 'कॅनबेरा' आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेली, तीवर आयझॅक असिमोव्ह होते. समुद्रात बोटीचा फायदा असा की ढग आले तर कप्तान बोट वळवतो. नाईलमध्ये वळवायला जागा नाही, पण ऑगस्टमध्ये तिथे ढगही नसतात. आपल्याकडून त्याच दिवशी संध्याकाळी खंडग्रास दिसायला हवं, पण ऑगस्टचं आभाळ तुम्हाला माहीत आहे. २२ जुलै २००९ ला सुरत ते पाटणा पट्ट्यात खग्रास होतं आणि अर्धा देश ढगांकडे बघत बसला होता. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, कराडात, गच्चीवर छत्री घेऊन. गंमत म्हणजे २०२७ चं ग्रहण त्याचंच भावंड आहे. १८ वर्षं, ११ दिवस आणि सुमारे आठ तासांनी सूर्य, चंद्र, पृथ्वी जवळजवळ त्याच मांडणीत परत येतात, याला सारोस चक्र म्हणतात. त्या जादाच्या आठ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरून जाते, म्हणून सावली पश्चिमेकडे सरकते. आपल्यावरून हुकलेलं ग्रहण आता इजिप्तवर.

तर नियोजन. शीट माझ्याकडे आहे, कारण शीट नेहमी ग्रुपमधल्या सॉफ्टवेअरवालीकडेच येते.

पहिला प्रश्न बोटीचा. लक्झर-आस्वान करणाऱ्या मोठ्या बोटी म्हणजे तरंगती हॉटेलं, धक्क्याला चार-चार एकमेकींना चिकटून उभ्या राहतात आणि आपल्या बोटीत जायला आधी दुसऱ्या तिघींच्या लॉबीतून चालावं लागतं. आम्ही घेतली दहाबिया, शिडाची छोटी बोट, दहा-बारा खोल्यांची. तिची नेहमीची सहल एस्नाहून निघून आस्वानला संपते, आणि आस्वान खग्रासाच्या पट्ट्याबाहेर आहे. म्हणजे त्या दिवशी बोट पुढे गेली तर सगळं मुसळ केरात. आम्ही लिहून मागितलंय की २ तारखेला दुपारी बोट एस्नाजवळच उभी राहील.

दुसरा प्रश्न छताचा. डेकवर उन्हासाठी कापडी छत असतं. सूर्य त्या वेळी जवळपास डोक्यावर, क्षितिजापासून ८० अंशांहून वर असणार, म्हणजे बघायचं तर गाद्या टाकून उताणं पडायचं आणि वरचं कापड काढायचं. चाळिसाच्या वर तापमानात, साठीच्या पुढच्या अकरा बायकांसह. निम्मं कापड काढायचं असा तह झाला. कप्तानाचं उत्तर अजून आलेलं नाही.

तिसरा प्रश्न उपाशी राहण्याचा. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, म्हणजे तिथल्या वेळेनुसार जवळजवळ आदल्या मध्यरात्रीपासून. इन्सुलिन घेणाऱ्या बाईने लक्झरच्या उन्हात मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत काही खायचं नाही म्हटल्यावर आमच्यातल्या एका डॉक्टर मित्राने कॉलवरच डोकं धरलं. आत्याने शांतपणे पंचांग काढलं. लहान मुलं, म्हातारे आणि आजारी यांना वेधात सवलत असते, ती तिने वाचून दाखवली आणि अकराच्या अकरा जणींना 'आजारी' या सदरात टाकलं. दोघींना ते आवडलं नाही. मोक्षस्नान नाईलमध्ये करायचा बेतही डॉक्टरनेच मोडला. नाईलच्या पाण्यात बिल्हार्झिया आहे, गोगलगायींमधून येणारा कृमी कातडीतून शरीरात शिरतो. तेव्हा खोलीतला शॉवर, आणि सामानात गंगेच्या पाण्याची छोटी बाटली.

आमच्या वेळापत्रकात दोन रकाने करावे लागतील असं मला वाटलं होतं, एक निरीक्षणाचा आणि एक धार्मिक. लागले नाहीत. चंद्र सूर्याला शिवतो तो स्पर्श, पूर्ण झाकतो ते संमीलन, मग मध्य, पुन्हा पहिला किरण सुटतो ते उन्मीलन, आणि शेवटी मोक्ष. इंग्रजी पुस्तकांत यातल्या मध्याखेरीज बाकी चौघांना नुसते पहिला, दुसरा, तिसरा, चौथा असे क्रमांक आहेत. आमच्या कॅमेऱ्यांच्या स्क्रिप्टमध्येही आता संमीलन आणि उन्मीलन हीच नावं आहेत. गाळणी कधी काढायची आणि कधी लावायची ते त्यावर ठरतं.

आत्या त्या सहा मिनिटांत डोळे मिटून जप करणार आहे. एक मित्र म्हणाला, "आत्या, डोळे मिटायला इजिप्तचं तिकीट कशाला?" ती म्हणाली, "तू स्क्रीनकडे बघणारेस. आभाळाकडे आपण दोघंही बघणार नाही." त्याने नंतर दुसरा कॅमेरा यादीतून काढला.

जी गोष्ट दोघांनाही नको होती ती एका ट्रॅव्हलवाल्याच्या माहितीपत्रकात होती. त्यात या ग्रहणाला 'वैश्विक ऊर्जेचं द्वार' म्हटलं होतं, पिरॅमिडचा आकार ती ऊर्जा शोषतो असं होतं, आणि शेवटी हे सगळं विज्ञानाने सिद्ध केलंय. मी चिडणार हे उघड होतं. आत्याही चिडली. तिच्या जपाला कुणाच्या प्रयोगशाळेचा शिक्का नको आहे. विज्ञान आणि अध्यात्म एकत्र आणणारे कार्यक्रम बहुतेक वेळा असेच असतात, दोन्हींत पाणी घालून केलेले. आम्ही तो ट्रॅव्हलवाला सोडला.

इथवर सगळं हसतखेळत होतं. मग मार्चमध्ये आत्याच्या ग्रुपमधून नियमांची यादी आली. बरेचसे नियम आम्ही मान्य केले, कुणाला त्रास नव्हता. सातवा होता: गरोदर बाई असेल तर तिने ग्रहण सुटेपर्यंत केबिनमध्ये बसावं, काही चिरू-कापू नये. आमच्यात कुणी गरोदर नाही. मी तो वाचून पुढे गेले.

त्या रात्री काकूचा फोन आला. काकू ग्रुप कॉलवर कायम म्यूटवर असते. तिने विचारलं, "पोटात ओठ कितव्या महिन्यात होतो गं?"

माझा चुलत भाऊ फेब्रुवारी ९६ चा. जन्मतः त्याचा ओठ दुभंगलेला होता, टाळूही. लहानपणीच दोन ऑपरेशनं झाली. आता तो मिशी ठेवतो आणि सगळ्यांपेक्षा जास्त बोलतो. आमच्या घरात मात्र त्याच्या ओठाला एक तारीख आहे: २४ ऑक्टोबर १९९५, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. राजस्थानपासून बंगालपर्यंत खग्रास होतं, कराडला खंडग्रास. घरात पाहुणे होते आणि काकूने विळीवर दुधी चिरला. आजीने पुढची एकोणीस वर्षं, आजी जाईपर्यंत, हे प्रत्येक बारशाला सांगितलं. मी स्वतः ते इतक्या वेळा ऐकलंय की तो दुधी मला दिसतो.

मी सांगितलं: ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू नवव्यापर्यंत. ते जुळायचं का राहतं याला काही वेळा जनुकं कारण असतात, काही औषधं, आईचं धूम्रपान, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. काकू पलीकडे बोटं मोजत होती, मला ऐकू येत होतं, महिन्यांची नावं. फेब्रुवारीतून मागे येत ती जूनला थांबली.

"दिवाळीत मला सहावा होता," ती म्हणाली. "म्हणजे तोवर होऊन गेलं होतं."

"जुलैतच."

मग बराच वेळ काही नाही. "डॉक्टरांनी ह्यांना सांगितलं असेल का तेव्हा?" मला माहीत नव्हतं. "आता सांगू कुणाला," असं म्हणून तिने भाजीचा विषय काढला.

ग्रहणाचा ओठाशी संबंध नाही, हे मी दहा ठिकाणी भाषण करून सांगितलंय. शाळांमध्ये, स्लाइडसकट. महिने मोजून बघ, हे काकूला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं, अगदी मीही.

पुढच्या कॉलला मी सातवा नियम काढायचा प्रस्ताव मांडणार होते, भांडायच्या तयारीनेच बसले होते. त्याआधी आत्या बोलली. १९९५ च्या दिवाळीत ती माहेरी आलेली होती, त्या सकाळी त्याच स्वयंपाकघरात होती. ती एवढंच म्हणाली, "सात नंबर आपल्या बोटीवर नको." एका बाईंनी विचारलं, का, परंपरेने चालत आलंय. आत्या म्हणाली, "आमच्या घरात तो पाळायला लावून झालाय." काकू म्यूटवर होती. काकाही होते, त्यांनी कॅमेरा बंद केला.

मला आत्याला बरंच काही विचारायचं आहे. तेव्हा तू काय बोललीस, आणि नंतर इतकी वर्षं. विचारलेलं नाही.

दोघी जणी ट्रिपमधून बाहेर पडल्या. नियमातला एक काढला तर उरलेल्यांना काय अर्थ, असं त्यांचं म्हणणं आहे, आणि ते अगदीच चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. बोट पूर्ण घेतलेली असल्यामुळे त्यांच्या खोलीचे पैसे आता वीस जणांत वाटले जातील, त्यावर वेगळं भांडण चालू आहे. कुणी येणार असेल तर कळवा. जप किंवा टेलिस्कोप, काहीही चालेल.

शीटमध्ये 'खग्रासात काय करणार' असा रकाना आहे. पर्याय दोनच ठेवले होते, निरीक्षण आणि जप. काकूने दोन्ही सोडून स्वतः टाइप केलं: नुसती बघणार. तिला मी सांगितलंय की खंडग्रास चालू आहे तोवर चष्मा काढायचा नाही, संमीलन झालं की काढायचा, आणि माझी हाक ऐकली की लगेच पुन्हा लावायचा. चष्म्याचं प्रमाणपत्र तिने माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

परवा तिने अजून एक विचारलं. स्पर्श ते संमीलन सव्वा तासाच्या वर वेळ आहे, तेवढ्यात सगळ्यांसाठी कलिंगड कापून ठेवलं तर चालेल ना, उन्हाचं बरं. मी म्हटलं चालेल. मग म्हणाली, विमानात विळी नेऊ देतात का.

चेक-इनच्या बॅगेत, असं मी सांगितलं. वजन बघून.