कन्येचा कॉम्प्रेसर

बेस गिटार मला नेहमी घरातल्या थोरल्या सुनेसारखी वाटते. ती असते तेव्हा तिच्याकडे कुणाचे लक्ष नसते. चार दिवस माहेरी गेली की सारे घर ठेचकाळू लागते. आमच्या कन्येने नेमके हेच वाद्य पत्करले आहे. चार जाड तारा. त्यांतली खर्जाची तर सेकंदाला जेमतेम ४१ वेळा कंप पावते!

"बाबा, मला कॉम्प्रेसर हवा," असे ती म्हणाली, तेव्हा मला आधी आमचा फ्रीजच आठवला. पण हा कॉम्प्रेसर म्हणजे पायाशी ठेवायची एक डबी. तिचे काम संपादकाचे. सुराने उंबरठा ओलांडला की कात्री! प्रमाण ४ : १ ठेवले, तर उंबरठ्यावर ८ डेसिबल उसळलेला सूर २ डेसिबलच वर उरतो. मग एकूण आवाज थोडा वाढवला की दबलेले सूरही कानी पडतात. सोबत खरखरही वाढते, हे ओघाने आलेच.

मग ही डबी हवीच का? छे! १९५१ साली फेंडरची प्रिसिजन बेस बाजारात आली. त्यानंतर कित्येक वर्षे वादकांचे हिच्यावाचून काही अडले नाही. रेकॉर्डिंगमध्ये तर हे काम तंत्रज्ञ मागाहूनही करतो. आणि बोटेच असमान पडत असतील, तर त्याला औषध एकच. रियाज. हे सारे मी तिला ऐकवले.

ती म्हणाली, "अंगठ्याने तार ठोकते तेव्हा भिंती हादरतात, बाबा. पण लगेच बोटांनी हळू वाजवू लागले की ड्रमखाली मी नाहीशीच होते."

'नाहीशी होते' हे शब्द मला लागले. कविता सुरेख वाचणाऱ्या, पण वर्गाच्या गलबल्यात कधीच ऐकू न येणाऱ्या मुली मी वीस वर्षे पाहत आलो आहे. मी पैसे दिले. पण अटी घातल्या. बोटाचा पहिला आघात निसटू देईल इतका 'अटॅक' सावकाश हवा. पुढच्या सुराआधी पकड सुटावी, असा 'रिलीज' हवा. मूळ सूर नि दाबलेला सूर यांचे मिश्रण करणारी कळ असावी. सूर किती दबतो ते दाखवणारी दिव्यांची रांग असावी. डबी चालू असताना नि बंद असताना आवाज सारखाच ठेवून पारख करावी, कारण जे मोठे ते कानाला उगाच गोड वाटते. आणि ही पारख खोलीत एकटीने नव्हे, सगळ्या मंडळींबरोबर वाजवताना व्हावी.

जोराच्या सुरावर दोन-तीन दिवे लागून विझले, तर ठीक चालले आहे म्हणावे. सबंध रांग सारखी पेटलेली दिसू लागली, की समजावे, संपादकाने लेखकच कापून टाकला!