बारवीतल्या गारगोट्या आणि मीच दिलेली बातमी

फोटोतल्या गारगोट्या बारवी नदीतल्या आहेत. रविवारी मुलीने वेचल्या, 'आम्हाला रत्नं सापडली' असं बायकोच्या फोनवरून स्टेटस ठेवलं आणि तेव्हापासून मला 'कुठे, कुठे' म्हणून फोन येतायत. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी दगडांचं. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना वायूचे बुडबुडे आत अडकले, पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्याबरोबर सिलिका झिरपली, थरावर थर बसले, अकीक तयार झाला. पाषाण झिजतो, अकीक तसा लवकर झिजत नाही, म्हणून नदीत गोटे मिळतात. कोरडा गोटा अगदी भिकार दिसतो. ओला करून उन्हात धरा, कडेने उजेड आरपार आला तर ठेवा. चाकूचा ओरखडा उठला तर अकीक नव्हे. किंमत विचाराल तर आमच्या पिशवीभर दगडांत वडापावही येणार नाही. चकचकीत स्फटिक बघायचे तर सिन्नरचं गारगोटी संग्रहालय गाठा. ते झिओलाइट नाजूक, नदीच्या माऱ्यात टिकत नाहीत.

आता माझी चूक.

शनिवारी मीच बातमी दिली होती. धरण भरत आलंय, नदीकाठच्या गावांनी सावध राहावं. ही बातमी मी दरवर्षी देतो, त्यामुळे हात आपोआप चालतो. बारवीचे दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला, म्हणजे ७२.६० मीटरला पोचलं की ते उघडतात. रविवारी ऊन पडलं, पाणी घोट्याएवढं दिसलं, आणि आम्ही तिघं धरणाच्या खालच्या अंगाला पात्रात उतरलो. 'नदीकाठची गावं' म्हणजे आपण नव्हे, असंच डोक्यात असणार.

तासाभराने काठावरून शेळ्या घेऊन चाललेल्या एक मावशी ओरडल्या, "ओ दादा, पोरीला घेऊन वर या आधी!" मला वाटलं, दगड उचलतो म्हणून रागावल्या. मग पाण्याचा रंग बघितला. गढूळ. आम्ही वर आलो आणि ज्या खडकावर चपला काढल्या होत्या तो दिसेनासा झाला. फार वेळ लागला नाही हो. मुलगी चपलांसाठी रडत होती, मी गप्प.

पावसाळ्यानंतरही बेफिकीर राहू नका. कारखान्यांचं आणि आपल्या शहरांचं पाणी धरणातून याच पात्राने खाली येतं, मग जांभूळला शुद्ध होतं. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही पातळी बदलू शकते.

आणि पोती भरून आणू नका. १९७२ पासून वरून येणारे गोटे धरणामागेच अडतात. खाली आहेत ते जुने, शिवाय आपल्या भागातल्या नद्यांमधून रेतीचे डंपर आधीच भरभरून गेलेत. मुलांनी दोन-चार खिशात घातले तर चालतंय.

माझं म्हणणं एवढंच की जिथून लोक पात्रात उतरतात तिथे मराठी आणि हिंदीत ठळक पाटी हवी, आणि पात्रात वाकलेल्या माणसाला ऐकू जाईल असा भोंगा हवा. काठच्या ग्रामपंचायतींना आणि ज्यांच्याकडे हे काम येतं त्यांना मी या आठवड्यात अर्ज देतोय. सोबत कोण येणार ते कमेंटमध्ये सांगा.

तोवर 'कुठे' ते फोनवर सांगणार नाही.